निजवून बसलेली माणसं

"हळू बोल," ती तरुण बाई नवऱ्याला म्हणाली. "इथे सगळे कुणाला तरी निजवून बसलेत."

तिच्या खांद्यावर तान्हं मूल झोपलेलं होतं, नवऱ्याच्या हातात दुपट्यांची पिशवी होती, आणि दोघं चित्रं बघायला म्हणून नव्हे तर बाहेरच्या उन्हातून जरा गारव्याला म्हणून आत शिरले असावेत. "निजवून म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं. "बघ की. तो जाडा माणूस, ती चष्मेवाली, तो म्हातारा. बाळाचा नुकता डोळा लागलाय, आपल्या पायाला मुंग्या आल्यात, पण हलायचं कसं, अशी तोंडं आहेत सगळ्यांची. तुझंसुद्धा होतं तसं. कधीमधी." "माझं? मी तर बाळाच्या आधी झोपतो." "तेही खरंच म्हणा," ती म्हणाली, आणि दोघं पावलं न वाजवता बाहेर निघून गेले.

खांबाआडच्या खुर्चीवर बसलेल्या चित्रकर्तीनं हे सगळं ऐकलं. चित्रं तिची होती. प्रदर्शनात लोक काय बोलतात ते आडून ऐकायचा तिला जुना नाद होता, आणि आजवर ऐकलेल्यांत हे पुष्कळच बरं होतं, म्हणून आधी तिला हसू आलं. मग तिनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि ते हसू ओठांतच राहिलं. जाडा माणूस म्हणजे एका बँकेचा मॅनेजर, ज्याच्या केबिनमध्ये शिरताना लोक पायातल्या जोड्यांचा आवाज सांभाळत. चष्मेवाली एका शाळेची मुख्याध्यापिका. म्हातारा न्यायाधीश. तिनं त्यांना वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या उजेडात रंगवलं होतं, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा होऊ दिला नाही याचा तिला मनातून अभिमान होता. आता पाहिलं तर सगळ्यांचे खांदे सारखेच उतरलेले, नजर थोडी खाली, ओठ मिटलेले पण आवळलेले नाहीत, आणि श्वास अर्ध्यावर धरलेला. एकाच घरात, एकाच पाळण्याभोवती उभे असावेत तसे. तिच्या गुडघ्यांतली ताकद गेली. हे तिला नवं नव्हतं. मोठं हसू आलं, दचकायला झालं, एखाद्यावर माया दाटून आली, की तिचं अंग असं सुटायचं. कुणीतरी आतल्या दोऱ्या सोडून द्याव्यात तसं. भान मात्र लख्ख असायचं. ती खांबाला गाल टेकून बसून राहिली आणि गालाला चुना लागतोय एवढंच तिला कळत राहिलं.

झोपेचं तिचं हे कॉलेजपासूनचं. झोप तिला यायची नाही, तिच्यावर पडायची. बोलताना, जेवताना, रस्ता ओलांडायला उभं असताना. लग्नाच्या फोटोंतल्या एका फोटोत ती नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी आहे. बघणाऱ्याला वाटतं काय प्रेम आहे, पण ती झोपलेली आहे. पुष्कळ डॉक्टर झाल्यावर एका मेंदूच्या डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं. नाव चांगलं लांबलचक होतं. नवरा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाला, "एवढं मोठं नाव आहे म्हणजे घराणं चांगलं असणार." ती हसली आणि पायरीवरच मटकन खाली बसली. तेव्हापासून जिन्यात विनोद करायचा नाही असा त्यानं कानाला खडा लावला. गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरक पडला, बाकीचं दोघांनी आपसांत वाटून घेतलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी, आणि पुढे निवृत्त झाल्यावर रोजच, तो तिच्या स्टुडिओच्या दारात उभा राहून चित्राला बसायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा: "मधेच तिचा डोळा लागेल. घाबरू नका, उठवू नका, आणि कृपा करून जागेवरून हलू नका. थोड्या वेळानं ती आपली आपण उठते आणि पुढे सुरू करते. तुमच्याआधी मोठमोठे लोक थांबलेत." स्वतःला तो द्वारपाल म्हणवून घ्यायचा.

झोप आपल्या कामातला वाटा खाते, असंच ती आयुष्यभर धरून चालली होती. दुखण्यावर मात करून चित्रं काढणारी बाई, असं तिच्याबद्दल छापून यायचं, आणि त्या शब्दांचा कंटाळा आला तरी ते खोटे आहेत असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिच्यासमोर माणसं मुखवटे उतरवतात, असंही लिहून यायचं. ते तर तिला पटलेलंच होतं. बसलेल्या माणसाशी काय बोलावं, किती बोलावं, कुठे गप्प बसावं, हे आपल्याला जमतं अशी तिची समजूत होती. सुरुवातीचा वेळ ती खुर्ची, कोट, हात यांच्यात घालवायची, कारण तोवर चेहरा फोटोत असतो तसा ताठ असायचा. मग मध्ये काळोख. डोळे उघडले की समोर तो चेहरा हजर, जणू ती नसताना कुणी तो धुऊनपुसून ठेवला होता. ती घाईघाईनं तो पकडायची. झोपेनंतर डोळा ताजा होतो म्हणून दिसतं, असं ती स्वतःला सांगायची. हे लोक इतका वेळ कशाकडे बघत होते हा साधा प्रश्न तिला एवढ्या वर्षांत पडला नव्हता. आता खांबाला टेकून ती तो विचारत होती आणि उत्तर काही अवघड नव्हतं. एक वयस्क बाई, स्टुलावर बसल्याजागी मान टाकलेली, तोंड अर्धवट उघडं, कदाचित लाळसुद्धा गळत असेल. न्यायाधीशांनी आयुष्यात एवढा वेळ दुसऱ्या कुणाकडे नुसतं पाहिलं असेल का कोण जाणे. कामाचा वाटा झोप खात नव्हती. काम झोपच करत होती, आणि वाटा खात होती ती चित्रकर्ती.

घरी येऊन तिनं नवऱ्याला त्या दुपट्यांच्या पिशवीवाल्या जोडप्याची गोष्ट सांगितली. तो कांदा चिरत होता. त्यानं सुरी थांबवली नाही. "मला वाटलं तुला ठाऊक असेल," तो म्हणाला.

"म्हणजे तुला होतं ठाऊक?"

"अगं, मी दाराच्या फटीतून बघायचो की. नाहीतर कोण उठून पळतंय ते कळणार कसं? तो मॅनेजर आठवतो? मला म्हणाला होता, मला अर्ध्या तासात मीटिंग आहे. तू झोपलीस आणि हा माणूस हूं नाही की चूं नाही. वर माशी आली तर हातानं वारत होता."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तू झोपायचीच बंद झाली असतीस." मग तिचा चेहरा बघून तो गंभीर झाला. "मला आणि टिटवीला ठाऊक होतं. बाकी कुणाला नाही."

टिटवी म्हणजे त्यांची लेक. हे नाव बापानं ठेवलं होतं, कारण ती बोलायला लागली तीच ओरडत. आई झोपली, दूध उतू चाललंय! आई झोपली, नळ चालू आहे! टिटवी माळावर जसा गिल्ला करते तसा ती जिन्यातून गिल्ला करायची आणि शेजारी आपापली कामं टाकून धावायचे. शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी आई कुठे आहे, कशाजवळ आहे, हातात काय आहे, एवढं बघून घ्यायची. इतर मुलं पाढे शिकायची तेव्हा ही आईच्या बोटांतून पेटती काडी कशी काढून घ्यायची ते शिकली. घरात तेव्हा चित्रकर्तीची नणंदही राहायची. बाई मनानं वाईट नव्हती, पण स्वतः पहाटे उठून राबणारी, त्यामुळे भरदिवसा झोपणाऱ्या भावजयीचा तिला राग यायचा. "झोपलेल्याला जागं करता येतं बाई," ती भांडी घासता घासता मोठ्यानं म्हणायची, "सोंग घेतलेल्याला ब्रह्मदेव आला तरी नाही." एकदा पाहुणे आलेले असताना चित्रकर्ती बोलता बोलता झोपली, तेव्हा नणंदेनं सगळ्यांदेखत तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला, म्हणाली, बघा आता कशी उठते. ती उठली नाही. पण टिटवीनं आत्याच्या हाताला असा चावा घेतला की पाहुण्यांनाच मलमपट्टी करावी लागली. "माझी आई सोंग करत नाही!" ती किंचाळत होती. चित्रकर्तीला हे नंतर नवऱ्यानं सांगितलं. ती स्वतः त्या प्रसंगात होती आणि नव्हती. तिच्या आयुष्यातले असे कितीतरी प्रसंग तिला दुसऱ्यांकडूनच कळले होते.

त्या रात्री, म्हणजे कांदा चिरून, जेवून, आवरून झाल्यावर, तिच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. निजलेल्या आईकडे सगळ्यांत जास्त जिनं पाहिलं, तिचाच तो चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू हलायला लागलीस की ती लगेच खेळायला बसायची. जसं काही झालंच नाही. तुला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून." आणि टिटवी चित्राला कधी बसलीही नव्हती. लहानपणी नाही, मोठेपणी नाही. विचारलं की म्हणायची, "मी तुझ्यासमोर पुष्कळ बसलेय, आई." आता ती पुलांच्या कामावर असणारी इंजिनिअर होती आणि लांबच्या देशात, एका मोठ्या पुलाच्या कामाला निघाली होती. परत कधी, ते पूल ठरवणार होता. आईच्या घरात तिचे फोटो होते, चित्र नव्हतं. चित्रकर्तीनं फोन केला. पलीकडे बराच वेळ सामान बांधल्याचे आवाज येत राहिले. मग टिटवी म्हणाली, "बरं. एकदा बसते. एकदाच हं. आणि बाबांना सांग, दारात मला भाषण द्यायचं नाही."

ती आली तेव्हा दुपार होती. निघायच्या गडबडीतली माणसं असतात तशी ती थोडी दमलेली, थोडी आधीच गेलेली होती. स्टुडिओतल्या खुर्चीवर बसून तिनं पाहिलं काय, तर खिडकीच्या वरची भेग. "ही वाढलीय," ती म्हणाली. "बाबांना म्हणावं, नुसता रंग मारू नका. आत पाणी जातंय." "बरं. मान जरा डावीकडे." "अशी?" "तुझी डावी." "तू असताना मला डावं-उजवं कळत नाही." तिनं केस कानामागे टाकले आणि फोटोत येतं तसं हसली. चित्रकर्तीनं खुर्ची काढली, खांदे काढले, गळ्याजवळची सावली काढली. ती वाट बघत होती. हे तिनं स्वतःशी कबूल केलं नव्हतं, पण सकाळची गोळी तिनं घेतली नव्हती, कॉफी टाळली होती आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढून खोलीत मऊ उजेड करून ठेवला होता. झोपेला एवढं अगत्यानं बोलावणं तिनं जन्मात केलं नव्हतं. आणि झोप येईना. बँकेच्या रांगेत यायची, सासऱ्यांच्या अंत्यविधीत आली होती, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत दाढ काढताना आली होती; आज तिचा पत्ता नव्हता. पापण्या कोरड्या ठक्क. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजसुद्धा एकेक वेगळा ऐकू येत होता. समोर टिटवीचा चेहरा सभ्य, परका, पासपोर्टवर लावता येईल असा होता. घड्याळ पुढे सरकत होतं. ही उठेल, गालाला गाल लावील आणि जाईल, आणि भिंतीवरच्या त्या न्यायाधीशाकडून, त्या मॅनेजरकडून जे मिळालं ते हिच्याकडून आपल्याला मिळालेलं नाही, असं होऊन बसेल.

तेव्हा तिनं डोळे मिटले. एकदम नाही, नाटकात मिटतात तसे हळूहळू, पापण्या दोनदा उचलून. ब्रश मांडीवर ठेवला. मान खाली जाऊ दिली. श्वास लांब केला. पापण्यांमध्ये केसाएवढी फट ठेवली होती, तिच्यातून खुर्चीचे पाय आणि टिटवीच्या गुडघ्यापर्यंतचं दिसत होतं, वरचं नाही. थोडं थांबू, मग एकदम डोळे उघडू, असा तिचा बेत होता. आपण झोपल्यावर कशा दिसतो हे आपण कधी पाहिलेलं नाही, हे त्या क्षणी तिच्या लक्षातच आलं नाही.

खोलीत काही हललं नाही. मग टिटवी शांतपणे म्हणाली, "आई, डोळे उघड."

ती तशीच राहिली. का राहिली ते तिलाही सांगता आलं नसतं. पकडलं गेल्यावर माणूस जागच्या जागी थिजतो, तसं.

"उघड ना. तू झोपलीस की तुझा हात थांबत नाही. ब्रश चालूच असतो, नुसती रेघ वाकडी होत जाते. तू ब्रश नीट ठेवलास. आडवा. रंग साडीला लागू नये असा."

तिनं डोळे उघडले. टिटवीचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे तुला हे येतं," टिटवी म्हणाली.

"नाही गं. आजच. मला फक्त तू कशी बघतेस ते..."

"आत्या एवढी वर्षं तेच म्हणत होती. मी तिला चावले होते, आई. तिच्या हातावर अजून खूण आहे. मागच्या महिन्यात भेटले तर म्हणाली, या खुणेनं मला म्हातारपणी ओळखतील. आम्ही दोघी हसलो." ती उठून उभी राहिली होती. "आणि तू सोंग केलंस. माझ्यासमोर. आणखी कुणासमोर केलं असतंस तर चाललं असतं मला."

"तुझा चेहरा हवा होता."

"मागायचास."

"मागून तो येत नाही."

 टिटवी खिडकीशी गेली आणि भेगेवर बोट ठेवून पाठमोरी उभी राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "माझं लग्न ठरलेलं मोडलं तेव्हा मी इथेच आले होते. याच खोलीत. तुला सगळं सांगत होते. बाबांना जे सांगता येणार नव्हतं तेही. अर्ध्यावर तू झोपलीस. मी पुढचं तुला झोपेतच सांगितलं आणि घरी गेले. परत कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही." ती वळली. "तेव्हा खरी झोपली होतीस ना?"

"खरी."

"बघ," टिटवी म्हणाली, "आता मला हे विचारावं लागतंय."

चित्रकर्तीला उत्तर द्यायचं होतं. तुझ्या आवाजातला एक विशिष्ट खालचा सूर लागला आणि मग मला काही आठवत नाही, असं सांगायचं होतं. मोडलं कशामुळे ते मला आजही माहीत नाही, आज सांग, असं म्हणायचं होतं. पण लेकीवरची माया दाटून आली आणि त्याच क्षणी दोऱ्या सुटल्या. आधी जबडा. मग मान. हात मांडीवरून घसरला, ब्रश जमिनीवर पडला आणि घरंगळत गेला. ती स्टुलावरून एका बाजूला कलली आणि रंगांच्या टेबलाला अडकून राहिली. ती टक्क जागी होती. सगळं ऐकू येत होतं. डोळे अर्धे उघडे, पण बुबुळ फिरवता येत नव्हतं. समोर फक्त फरशी, तिच्यावरचे वाळलेले रंगाचे ठिपके आणि खिडकीपाशी टिटवीची पावलं. मोजे घातलेली, जरा जवळजवळ ठेवलेली. ती पावलं हलली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच हलली नाहीत. पेटत्या शेगडीकडे, उघड्या नळाकडे, जिन्याच्या कठड्याकडे जी न विचार करता धावली होती, ती आज जागच्या जागी उभी राहून विचार करत होती. खरं की खोटं? चित्रकर्तीला तो विचार पावलांत दिसत होता. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडता येत असतं तर ते खोटंच ठरलं असतं, हेही कळत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. फार नसेल. टेबलाची कड बरगडीत रुतत होती.

मग एक पाऊल पुढे आलं. थांबलं. दुसरं आलं. पावलं अगदी जवळ आली आणि दिसेनाशी झाली, आणि तिच्या हनुवटीखाली एक तळवा आला. त्यानं तिचं डोकं उचलून बरगडीवरचा भार काढला, दुसऱ्या हातानं खांदा धरला आणि टिटवीनं आपली मांडी तिच्या पाठीला लावली.  वरून श्वास येत होता. धरलेला की सोडलेला, ते कळत नव्हतं. तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर, ज्याच्यासाठी तिनं हा सगळा खटाटोप केला, ते तोंड होतं.

ताकद परत यायला लागली. आधी बोटांत, मग पापण्यांत, मग मानेत. आता बुबुळ फिरवलं असतं तर दिसलं असतं. न बोलता, न हलता, नुसती नजर वर केली असती तरी पुरलं असतं. टिटवी सावध नव्हती. तिनं नजर ठिपक्यांवरच ठेवली. जीभ अजून जड होती, तरी जमेल तेवढ्या घाईनं ती म्हणाली, "जा... जागी आहे मी. आली ताकद."

"हं," टिटवी म्हणाली.

"सोड आता. सगळी आलीय."

"कळतंय मला."

तळवा हनुवटीखालून निघाला नाही. चित्रकर्तीनं डोळे मिटून घेतले, घट्ट, मुलं लपंडावात मिटतात तसे. मग टिटवी सांगायला लागली, ते लग्न कशामुळे मोडलं, सुरुवातीपासून.